परसातलं पीच: कोणतं काम कधी, आणि कोणत्या क्रमानं

दर वर्षी मला ओळखीतून तीन फोन येतात, आणि तेही ठरल्यासारखे. एप्रिलमध्ये: “पानं लाल होऊन फुगलीत, काय फवारू?” जूनमध्ये: “फळं भरपूर धरली, पण लिंबाएवढीच राहिली.” ऑगस्टमध्ये: “बुंध्यातून डिंक येतोय.” तिन्ही वेळा मला एकच सांगावं लागतं, की याचं काम मागेच करायला हवं होतं, आता पुढच्या वर्षी.

यात कुणाचा आळस नसतो, सवय नडते. आपण आंबा-फणस बघत वाढलो. आंब्याला कात्री लावणं आमच्या घरी जवळजवळ अपशकुनच, आणि वाऱ्यानं कैऱ्या पडल्या की दिवसभर हळहळ. पीचच्या झाडाशी या मायेनं वागलं तर ते चार-पाच वर्षांत हाताबाहेर जातं. त्याची निम्मी कामं ते थंडीत निष्पर्ण उभं असताना करायची असतात. उरलेली करताना मन घट्ट करावं लागतं.

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेत राहते. खालचे महिने सांता क्लारा खोऱ्याच्या हवामानाचे आहेत, म्हणजे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये असाल तर महिने बदला, क्रम बदलू नका.

## टप्पा १: झाड घेण्याआधी (ऑक्टोबर ते डिसेंबर)

थंडीचे तास बघा. पीचला हिवाळ्यात ठरावीक तास ४५ अंश फॅरनहाइटच्या (साधारण ७ सेल्सिअस) खालची थंडी लागते. ती पुरी झाली नाही तर डोळे, म्हणजे फांदीवरच्या बंद कळ्या, अर्धवट फुटतात आणि फुलं मागे-पुढे येतात. ‘ओ’हेन्री’, ‘एल्बर्टा’ या जातींना सातशे-आठशे तासांच्या आसपास थंडी हवी, तर ‘मिड-प्राइड’चं अडीचशेच्या आसपास भागतं. खाडीलगतच्या उबदार भागात कमी तासांची जात घ्या. नर्सरीच्या पाटीवर ‘चिल अवर्स’ लिहिलेले असतात. फळाचा फोटो नंतर बघा, आधी तो आकडा.

एक झाड पुरतं. बहुतेक पीच स्वतःच्याच परागावर फळतात. ‘इंडियन फ्री’, ‘जे. एच. हेल’ असे थोडे अपवाद आहेत, त्यांना जवळ दुसरं पीच लागतं.

कोय लावू नका. बाजारातलं गोड पीच खाऊन त्याची कोय रुजवायचा मोह सगळ्यांना होतो. रोप येतं, तीन-चार वर्षांनी फळही येतं, पण ते तुम्ही खाल्लेलं पीच नसतं. कलमच घ्या.

जागा. दिवसभराचं ऊन हवं, निदान सहा ते आठ तास. लॉनच्या मधोमध नको. का, ते टप्पा ७ मध्ये येईलच.

> तपासा: लावायच्या जागी फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावू नका. फूटभर उंच, तीन-चार फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. इथल्या चिकण मातीत अर्ध्याअधिक घरांना हाच मार्ग बरा.

पुण्या-नाशकात पीच येईल का, असंही विचारतात. तिथल्या हिवाळ्यात इतक्या थंडीचे तास फार थोडे भरतात. पंजाबच्या मैदानी भागात ‘फ्लोरडाप्रिन्स’, ‘शान-ए-पंजाब’ या कमी थंडीच्या जाती चालतात. प्रयोगच करायचा तर त्यांतलं कलम मिळवा. सिमल्याच्या सहलीतून आणलेलं रोप पानंच दाखवत बसेल.

## टप्पा २: लागवड (जानेवारी ते मध्य फेब्रुवारी)

या दिवसांत नर्सरीत मुळं उघडी असलेली, भुशात खोचून ठेवलेली झाडं मिळतात. दिसायला नुसती काठी. कुंडीतल्या पानाफुलांच्या झाडापेक्षा ही काठी स्वस्त असते आणि बहुधा लवकर मूळ धरते. अंगठ्याएवढ्या जाडीची घ्या. जाडजूड, सहा फुटी झाड बघून भुलू नका, तुम्ही ते कापणारच आहात.

१. घरी आणल्यावर मुळं दोन-चार तास बादलीभर पाण्यात ठेवा. रात्रभर राहिली तरी चालेल, दिवसाच्या वर नको.

२. तुटकी, काळी पडलेली मुळं निरोगी भागापर्यंत छाटा.

३. खड्डा मुळांच्या लांबीइतकाच खोल करा, रुंद मात्र दुप्पट.

४. खड्ड्यात खत घालू नका. आपल्याकडे कलम लावताना पाटीभर शेणखत घालायची रीत आहे, ती इथे नडते. चिकण मातीतला मऊ, खतावलेला खड्डा म्हणजे पाणी साठवणारा वाडगा. काढलेलीच माती परत घाला. कंपोस्ट वरून पसरा.

५. कलमाचा सांधा, म्हणजे बुंध्याला जिथे किंचित बाक दिसतो तो भाग, जमिनीच्या वर तीन-चार इंच राहिला पाहिजे. माती दबते, म्हणून झाड जरा वरच बसवा.

६. पाणी द्या, माती बसू द्या, मग सांध्याची उंची पुन्हा बघा.

७. आता झाड जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर आडवं कापा.

सातवी पायरी नव्वद टक्के लोक करत नाहीत. चाळीस डॉलर देऊन आणलेलं झाड अंगणातच निम्मं कापायला हात धजत नाही, हे मला ठाऊक आहे. माझाही धजला नव्हता. पण मुळं उपटताना निम्मी तुटलेली असतात, वरचा सगळा भार त्यांना पेलत नाही. शिवाय उंच ठेवलेल्या झाडाला पहिल्या फांद्या डोक्याच्या वर फुटतात आणि जन्मभर शिडी लागते.

८. घरातल्या भिंतीचा पांढरा लेटेक्स रंग निम्मं पाणी घालून पातळ करा आणि बुंध्याला जमिनीपर्यंत लावा. कोवळी साल उन्हानं भाजली की तिथेच खोडकिडा शिरतो. तेलाचा रंग चालत नाही.

> सावध: आच्छादन म्हणून लाकडी भुसकट घालाल ते बुंध्यापासून वीतभर दूर. सालीला टेकलेलं ओलं भुसकट म्हणजे कुजीला आमंत्रण.

## टप्पा ३: पहिली दोन वर्षं, सांगाडा

मधोमध मोकळं, वाडग्यासारखं झाड घडवायचं आहे. पहिल्या उन्हाळ्यात कापलेल्या काठीला बरेच फुटवे येतील. त्यांतले तीन किंवा चार राखा: वेगवेगळ्या दिशांना जाणारे, एकमेकांपासून काही इंच वर-खाली असलेले. सगळे एकाच उंचीवर फुटलेले ठेवलेत तर पुढे फळांच्या वजनानं तिथेच खोड उभं चिरतं. बाकीचे काढा. कलमाच्या सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी काढा, तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा असतो.

पहिल्या वर्षी फळ धरलंच तर तोडून टाका. दुसऱ्या वर्षी कौतुकापुरती चार-पाच ठेवा.

## टप्पा ४: चुरडामुरड्याची फवारणी (नोव्हेंबर-अखेर आणि पुन्हा जानेवारी-अखेर)

एप्रिलमधल्या त्या फोनचं मूळ इथे आहे. पानं जाड होतात, वळतात, लाल-जांभळी फोडांसारखी फुगतात, पुढे पांढुरकी होऊन गळतात. मराठी माणसाला लगेच मिरचीवरचा चुरडामुरडा आठवतो आणि तो कडुलिंबाचं तेल घेऊन धावतो. मिरचीवर ते काम फुलकिडे आणि कोळी करतात. पीचवर करते ती बुरशी, टॅफ्रिना डिफॉर्मन्स. तिचे बीजाणू हिवाळाभर फांद्यांवर आणि डोळ्यांवर बसलेले असतात, आणि डोळा फुटताना पाऊस आला की कोवळ्या पानात शिरतात. पान वळलेलं तुम्हाला दिसतं, तोवर बुरशीचं काम उरकलेलं असतं. तेव्हा कशाचीही फवारणी केलीत तरी ती वाया.

कोकणात कोळेरोग येऊ नये म्हणून सुपारीवर पावसाच्या आधी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी, मारतात. इथेही तोच न्याय, फक्त पाऊस थंडीतला.

१. पानगळ पुरी होऊ द्या. आमच्याकडे हे थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला होतं. पडलेली पानं गोळा करा.

२. कोरडा, बिनवाऱ्याचा दिवस बघा. पुढे किमान दिवसभर पाऊस नको.

३. ताम्रयुक्त बुरशीनाशक घ्या. प्रमाण डब्यावर छापलेलं तेच. “थोडं जास्त घातलं तर बरं” हा विचार सोडा.

४. फांद्या, काड्या, डोळे, बुंधा सगळं निथळेपर्यंत ओलं करा. झाडाला चारही बाजूंनी फेरी घाला. एका बाजूनं मारून घरात गेलात तर एप्रिलमध्ये झाडाची दुसरी बाजू तुम्हाला ते दाखवेल.

५. हिवाळा पावसाचा असेल तर जानेवारी-अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा एकदा, डोळे फुगण्याच्या आधी. गुलाबी टोक दिसलं की वेळ संपली.

> सावध: तांबं माशांना घातक असतं. उरलेलं द्रावण ड्राइव्हवेवर ओतू नका, ते थेट ओढ्यात जातं. आणि झाड फुलावर असताना काहीही फवारू नका, मधमाश्या त्याच फुलांवर असतात.

फवारणी चुकलीच तर? झाड मरत नाही. रोगट पानं गळून मे महिन्यात नवी येतात. त्या वर्षी फळं नेहमीपेक्षाही कमी ठेवा आणि पाण्याची आबाळ होऊ देऊ नका. हा वैताग मुळातच नको असेल तर ‘फ्रॉस्ट’ ही जात बऱ्यापैकी सोसते, पण सुरुवातीची काही वर्षं तिलाही फवारावं लागतं.

## टप्पा ५: दर हिवाळ्यातली छाटणी (फेब्रुवारी)

पीचला फळ येतं ते गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर, आणि एका काडीवर एकदाच. या एका गोष्टीतून छाटणीचे बाकी सगळे नियम निघतात. ज्यांनी नाशिककडे द्राक्षाची छाटणी पाहिली आहे त्यांना जुनी काडी-नवी काडी समजावून सांगायला नको.

एक काडी हातात धरून बघा. गेल्या वर्षीची काडी गुळगुळीत, उन्हाकडच्या बाजूनं लालसर आणि सावलीकडे हिरवट असते. तिच्यामागचं लाकूड करडं, खरबरीत. लालसर काडीवर जागोजागी तीन-तीन डोळे एकत्र बसलेले दिसतील. कडेचे दोन गुबगुबीत आणि लवदार, ते फुलाचे. मधला बारीक, टोकदार, तो पानाचा. करड्या लाकडावर अशी त्रिकुटं नसतात, म्हणजे तिथे फळ येणार नाही. छाटणी केली नाही तर फळणारा भाग दर वर्षी दोन फूट वर आणि बाहेर सरकत जातो, आणि पाचव्या वर्षी पीचं फक्त खारींना मिळतात.

पाऊस नसलेले दोन-तीन दिवस बघून, धारदार कात्रीनं, या क्रमानं:

१. मेलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. मागच्या वर्षीची सुकून लटकलेली फळंही.

२. खुंटाचे फुटवे मुळापासून काढा.

३. वाडग्याच्या आत सरळ आकाशाकडे गेलेले जोमदार सोट काढा.

४. उंची ठरवा. हात वर करून जिथवर पोचता, त्याच्या वर काहीही नको. मुख्य फांदी अशा जागी कापा जिथे बाहेरच्या दिशेनं जाणारी बाजूची काडी आहे. मधेच बोडकी कापलीत तर तिथे झाडूसारखा गुच्छ फुटेल.

५. आता लालसर काड्या विरळ करा. पेन्सिलीच्या जाडीच्या, बाहेरच्या अंगाला झुकलेल्या ठेवा, दोन काड्यांत वीतभर अंतर राखून. सुतळीसारख्या बारीक आणि अंगठ्याएवढ्या जाड, दोन्ही काढा.

६. उरलेल्या काड्या लांब असतील तर शेंड्याचा एक-तृतीयांश भाग कापा.

हे सगळं झाल्यावर गेल्या वर्षीच्या वाढीतला निम्म्याच्या आसपास भाग जमिनीवर पडलेला असला पाहिजे. कापल्या जागी कसलाही लेप लावायची गरज नाही.

> तपासा: बुंध्याशी उभं राहून वर बघा. मधोमध आकाश दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पायरी ३ पुन्हा.

माळ्याला बोलावून “जरा गोल छान करून द्या” म्हणणं ही इथली नेहमीची चूक. लॉन कापणारा माणूस कुंपणाच्या यंत्रानं झाड बाहेरून चेंडूसारखं करून जातो. त्यात शेंड्याकडची फळणारी काडी जाते, आतलं जुनं लाकूड मात्र तसंच राहतं. माझ्या मैत्रिणीच्या झाडाला त्यानंतर सबंध वर्षभर सात फळं आली, ती तिनं मोजून मला कळवली.

## टप्पा ६: विरळणी (एप्रिल ते मेची सुरुवात)

लिंबाएवढ्या फळांचं औषध हे आहे, आणि ते फुकट आहे.

एका पीचला पुरतं वाढायला साधारण तीस-चाळीस पानांची कमाई लागते. झाड फळं धरताना हा हिशेब करत नाही. छाटणी नीट केलेल्या झाडावरही हवीत त्याच्या कितीतरी पट फळं धरतात.

१. फळ मोठ्या बोराएवढं, पाऊण ते एक इंच झालं की सुरू करा.

२. जुळी, वेडीवाकडी, किडकी आधी काढा.

३. मग काडीवर दोन फळांमध्ये पाच ते सात इंच अंतर राहील एवढीच ठेवा. अंगठा आणि करंगळी ताणून जी वीत होते, त्याहून थोडं कमी.

४. देठाजवळ धरून फिरवा. ओढू नका, काडी सोलते.

५. दहा दिवसांनी पुन्हा फेरी मारा. पानांआड लपलेली पन्नासेक तरी सापडतात.

आई इथे आली होती तेव्हा मी हे करत होते. ती स्टीलचं पातेलं घेऊन खाली पडलेली लवदार हिरवी फळं वेचत बसली. दोनशे साठपर्यंत मोजली आणि म्हणाली, “अगं, पोटच्या पोरासारखं झाड वाढवतेस आणि हे काय?” तिच्या समाधानासाठी घराकडची एक फांदी हात न लावता सोडली. जुलैत त्या फांदीवर खच्चून फळं होती, आत नुसती कोय आणि वर कातडं. एका रात्री ती फांदी मोडून कुंपणावर पडली. दुसऱ्या बाजूचं एकेक फळ मुठीत मावत नव्हतं. पुढच्या वर्षी आईनं स्वतः कात्री मागितली.

> तपासा: तोडलेलं एक फळ सुरीनं आडवं कापा. सुरी सहज पार गेली तर वेळेत आहात. मधे कोयीला अडली तर फळाच्या आकारापुरता उशीर झालाय, तरी फांदी वाचवण्यासाठी विरळणी कराच.

## टप्पा ७: पाणी आणि खत

माझं पहिलं झाड मी लॉनमध्ये लावलं होतं. स्प्रिंकलर आठवड्यातून चारदा बुंध्यावर पाणी उडवायचा, मला वाटायचं चांगलंच आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, म्हणून मी पाणी वाढवलं. सप्टेंबरात झाड हलवलं तर सहज हललं. जमिनीलगतची साल तपकिरी, खाली सगळं कुजलेलं.

पाणी खोल आणि अंतरानं द्या. ठिबकची नळी बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, गोल. घड्याळ लावून देण्यापेक्षा लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसा: सहा इंच सहज गेला तर थांबा, दोन-तीन इंचांवर अडला तर पाणी द्या. पहिल्या उन्हाळ्यात ही चाचणी दर दोन-तीन दिवसांनी करा. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात आठ ते पंधरा दिवसांनी भरपूर पाणी पुरतं, किती दिवसांनी ते मातीवर ठरतं. फळ फुगायच्या शेवटच्या महिन्यात मात्र ताण पडू देऊ नका.

खताचा हिशेब झाडच सांगतं. फळत्या झाडाच्या नव्या काड्या वर्षात दीड ते दोन फूट वाढल्या तर खत पुरेसं आहे. फूटभरच वाढल्या तर मार्चमध्ये नत्रयुक्त खत द्या. चार फुटी सोट येत असतील तर यंदा काहीच नको. उन्हाळा सरताना खत देऊ नका, कोवळी वाढ हिवाळ्यात सापडते. लॉनचं ‘वीड अँड फीड’ झाडाच्या आसपासही फिरकू देऊ नका, त्यात तणनाशक असतं.

## टप्पा ८: डिंक दिसला तर

डिंक हा रोग नव्हे, झाडाची तक्रार आहे. ती कसली, ते आधी ओळखा.

डिंक स्वच्छ, मधासारखा आणि वर फांदीवर असेल, तर बहुधा जखम, उन्हाचा चटका किंवा पाण्याची ओढाताण. कारण दूर करा, डिंकाला हात लावू नका.

डिंक जमिनीलगत असेल आणि त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असेल, तर खोडकिडा. माती थोडी बाजूला करा, छिद्र शोधा, लवचीक तार आत सारून अळी मारा. शरद ऋतूत आणि पुन्हा वसंतात बुंधा तपासा. लहान झाडाभोवती अळ्यांनी साल गोलाकार खाल्ली तर झाड जातं.

## टप्पा ९: तोडणी

लाली बघून फळ तोडू नका. कित्येक जाती महिनाभर आधीच लाल होतात. देठाजवळचा, लाली नसलेला भाग बघा. तिथला हिरवा रंग जाऊन पिवळा आला की फळ तयार, पांढऱ्या गराच्या जातीत दुधाळ. तळहातात धरून हलकं फिरवलं की ते हातात यायला हवं. अंगठ्यानं दाबून पाहू नका, दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग पडतो.

झाडावरून उतरल्यावर पीच मऊ होतं, गोड होत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तीन-चार फेऱ्यांत तोडा. जरासं कडक असेल तर कागदी पिशवीत ओट्यावर ठेवा. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये टाकलेलं पीच पिठूळ होतं आणि मग पुन्हा सुधारत नाही. आपल्या घरांत “फळं आणली की फ्रिजमध्ये” हा रिवाज आहे, तेवढा इथे मोडा.

तोडणी संपली की त्याच आठवड्यात, कोरड्या हवेत, मधे वाढलेले उभे सोट पुन्हा काढा. आतल्या काड्यांना ऊन मिळतं आणि पुढच्या वर्षीचे फुलाचे डोळे तिथेच बसतात. झाडावर सुकून चिकटलेलं, राखाडी बुरशी आलेलं एकही फळ ठेवू नका, खाली पडलेलंही उचला. कंपोस्टमध्ये नको, कचऱ्याच्या डब्यात. मग कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ‘तांबं’ एवढं लिहून ठेवा.